परत ओलांड

जमिनीवर पडलेल्या माणसाला ओलांडून जायचं नाही, हा आमच्या घरातला नियम इतका पक्का होता की मी चालायला शिकले त्याच सुमारास वळसा घालायलाही शिकले असणार. ओलांडलं की त्या माणसाची उंची खुंटते, असं आई मानायची. "माझी आता आणखी काय खुंटणार?" असं विचारून बाबा मुद्दाम हॉलच्या मधोमध पसरून पेपर वाचायचे आणि आई तोंडाने काहीबाही पुटपुटत भिंतीकडेने जायची. चुकून कुणी ओलांडलंच तर त्यावर उपाय होता. ज्याने ओलांडलं त्यानेच मागे फिरून परत ओलांडायचं, म्हणजे दोष गेला. माझी आई हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी करणारी, रोज परदेशातल्या लोकांशी फोनवर इंग्रजीतून वाद घालणारी बाई. पण या एका बाबतीत तिच्याशी वाद घालायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

या नियमाला आमच्याकडे तसं काही कारण उरलं नव्हतं, कारण घरात खुंटायला उंची होतीच कुठे? आम्ही मूळचे बार्शीकडचे. दोन्हीकडचे मामा, काका, आत्या सगळे एका साच्यातले, बसके आणि रुंद. हिंजवडीजवळच्या चांदे गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माळ्यावरचं काही काढायचं झालं की स्टूल यायचं, त्याच्यावर पाट यायचा, आणि तरीही शेवटी शेजारच्या काकांना हाक मारावी लागायची. अशा घरात मी टेनिस खेळायला लागले आणि बरी खेळायला लागले. पौडच्या पुढे, माले गावाच्या अलीकडे एक अकादमी होती. बाबा ऑफिसला जायच्या आधी मला तिथे सोडायचे. दहा-बारा वर्षांची होईपर्यंत मी माझ्या वयाच्या बहुतेक मुलींना हरवत होते, कारण त्या वयात जिच्याकडे जास्त चिकाटी तीच जिंकते. मग एकेक करून त्या मुली वाढायला लागल्या. मी मात्र तिथेच राहिले.

तेव्हापासून आमच्या घरातली सकाळ बदलली. बाबांनी बेडरूमच्या दाराच्या चौकटीत लोखंडी दांडा बसवला आणि मी रोज त्याला लोंबकळायला लागले. दांड्याची कुरकुर आणि कुकरच्या शिट्ट्या, या दोन आवाजांनी आमचा दिवस सुरू व्हायचा. नाचणीचं सत्त्व, अश्वगंधा घातलेलं दूध, भिजवलेले बदाम, मोड आलेली मटकी, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून भोपळ्याच्या बिया. आमच्या घरी अंडं कधी शिजलं नव्हतं. आईने त्यासाठी वेगळं पातेलं आणलं, गॅलरीत वेगळी शेगडी मांडली, आणि नाकाला पदर लावून ती माझ्यासाठी अंडी उकडायला लागली. डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, उशी घ्यायची नाही, जड दप्तर बाबांनी उचलायचं. मी हे सगळं मुकाट्याने करत होते. मला व्यावसायिक खेळाडू व्हायचं होतं. दुसरं काही व्हायचं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

उंचीचं एवढं काय, असं मला लोक अजूनही विचारतात. आमच्या सरांनी ते मला एकदाच समजावलं आणि मग पुन्हा समजावायची गरज पडली नाही. त्यांनी मला कोर्टाच्या मागच्या रेषेवर गुडघ्यांवर बसवलं आणि म्हणाले, "समोरचा सर्व्हिसचा चौकोन दिसतोय?" मला फक्त जाळी दिसत होती. मग त्यांनी पंचांची ती उंच खुर्ची दोन पोरांकडून ओढून आणवली आणि मला तिच्यावर चढवलं. "आता बघ." जाळीपलीकडचा तो चौकोन ताटासारखा समोर मांडलेला होता. हात उचलून चेंडू नुसता खाली टाकला तरी त्यात पडेल असं वाटलं. "उंच मुलीला रोज असं दिसतं," सर म्हणाले. "तुला चेंडू आधी वर न्यावा लागतो, मग वळवून खाली आणावा लागतो. तोपर्यंत समोरची चहा पिऊन येते. आणि लांब हात म्हणजे नुसता पल्ला नाही बेटा, तो वेग आहे." मी खुर्चीवरून उतरले, आणि खाली आल्याबरोबर तो चौकोन पुन्हा जाळीमागे गेला. मला तेव्हा रडू आलं नाही. जगात एक अशी जागा आहे जिथून हे सगळं इतकं सोपं दिसतं, याचंच नवल वाटत राहिलं.

त्या जागेवरून जग बघणारी मुलगी आमच्या अकादमीत आधीच येत होती, फक्त तिच्या हातात रॅकेट नव्हती. मंगलची आई कोर्टांवर पाणी मारायला, माती सारखी करायला यायची. आम्ही सगळ्या पोरी तिला मावशी म्हणायचो. मालेच्या वरच्या अंगाला त्यांचं घर, थोडी भातखाचरं आणि शेरडं-मेंढरं. शाळेला सुट्टी असली की मंगल आईबरोबर यायची आणि पाइप धरून उभी राहायची. ती माझ्याच वयाची होती आणि तिची आई तिच्या खांद्याला लागायची. सरांनी एक दिवस तिला हाक मारली, रॅकेट दिली आणि सांगितलं, मार. पहिला चेंडू पावसाळ्यात खेळायला बांधलेल्या शेडच्या पत्र्यावर गेला. दुसरा बाहेरच्या भातात गेला. मावशीने पाइप टाकला आणि ती चेंडू शोधायला भातात उतरली, कारण पोरगी आपली, तर चेंडूही आपणच आणून द्यायला हवा, असं तिला वाटलं.

पुढे मंगलचं नाव झाल्यावर वर्तमानपत्रात छापून आलं की शेळ्यांमागे दगड मारून मारून तिचा खांदा तयार झाला. मी तिला ते वाचून दाखवलं तर ती हसत सुटली. "शेरडांस्नी कुनी एवढ्या जोरात दगूड मारतं व्हय? मरतील की ती." खरी गोष्ट अशी की सुरुवातीला तिला काहीच येत नव्हतं. पाय एकीकडे, हात दुसरीकडे. पण आमच्याकडे पावसाळा लांबतो, शेडच्या पत्र्यावर पाऊस इतका कोसळतो की सरांना शिट्टीने शिकवावं लागतं, आणि अशाच एका दिवशी तिचे हात, पाय, खांदे एकदम एकमेकांना भेटले. समोर मी होते. चेंडू तिने वर फेकला, ती ताणून उभी राहिली, आणि मला रॅकेट दिसलीच नाही. चेंडू माझ्यासमोर पडला, उसळून माझ्या डोक्यावरून गेला आणि मागच्या पत्र्यावर आदळला. पावसाच्या त्या गोंगाटातही तो आवाज वेगळा ऐकू आला. शेजारच्या कोर्टावरच्या मुली थांबल्या. मी रॅकेट हलवलीसुद्धा नव्हती. तोपर्यंत मला हेवा वाटत होता. त्या क्षणी तो नाहीसा झाला असं नाही, पण त्याच्याहून फार मोठं काहीतरी माझ्या छातीत येऊन बसलं. "पुन्हा मार," मी ओरडले. तिला ऐकू गेलं नाही, म्हणून मी जाळीपर्यंत धावत गेले आणि पुन्हा सांगितलं.

माणूस म्हणून माझं वय फार नाही, पण टेनिसमध्ये मी केव्हाच पेन्शनीत निघालेली आहे, आणि पेन्शनीतल्या माणसासारखी मीही आता जुन्या गोष्टी उगाळते. मी पुढे खूप जणींच्या सर्व्हिस घेतल्या. 'पुन्हा मार' म्हणत जाळीपर्यंत मात्र दुसऱ्या कुणासाठी धावले नाही. मुलींच्या खेळात पूर्वी चेंडू इकडून तिकडे बराच वेळ जायचा, असं सर सांगायचे. आता पहिल्या दोन फटक्यांतच बहुतेक निकाल लागतो. तो बदल कसा असतो हे मला पुस्तकातून कळलं नाही. तो माझ्या डोक्यावरून गेला.

आम्ही चौदा-पंधराच्या झालो तेव्हा सरांच्या ओळखीने स्पेनमधल्या एका मोठ्या अकादमीत जायची संधी आली. तिथे एक पूर्ण मोसम राहायचं, खेळायचं, आणि टिकलं तर तिथूनच पुढे व्यावसायिक स्पर्धांना. जागा एकच होती. सरांच्या मनात आम्ही दोघी होतो, आणि तिकडच्या लोकांनी आमच्या मनगटांचे एक्स-रे मागवले होते. मनगटाच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या फटी असतात. त्या उघड्या असल्या तर माणूस अजून वाढणार, बुजल्या असल्या तर संपलं. आम्हाला दोघींना एकाच दिवशी एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी माझं चित्र उजेडावर धरलं आणि आईबाबांना अगदी मायेने सांगितलं, "हिची वाढ झाली आता. फार तर बोटभर." मी तेव्हा पाच फूट एक इंच होते. मंगलचं चित्र त्यांनी जरा जास्त वेळ बघितलं. मग मान वर करून तिला म्हणाले, "तू अजून बरीच वर जाणार आहेस." मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्या दांड्याला लोंबकळलेल्या सगळ्या सकाळी एकदम आठवल्या. आणि मंगलकडे बघितलं तर ती खाली मान घालून आपल्या मनगटाकडे बघत होती.

त्या रविवारी सकाळी आईने पोळ्या अर्ध्यावर टाकून गॅस बंद केला आणि बाबांना म्हणाली, "ती मंगल हिला ओलांडून गेली होती."

"कधी?" बाबांनी विचारलं.

"शाळा सुरू होताना. शेडमध्ये. सगळ्या पोरी चटईवर आडव्या पडून पाय ताणत होत्या. मी कडेच्या पायऱ्यांवर बसले होते, मी बघितलं. तिने आपल्या पलूला ओलांडलं, तेवढ्यात तिला सरांनी हाक मारली, आणि ती तशीच निघून गेली. परत आली नाही."

मला ते आठवत होतं. मंगलच्या पायांना माणसं आडवी येतात हेच मुळी कळत नसे. एरवी मी ओरडायचे, "ए, परत ओलांड," आणि ती निमूट मागे फिरायची, कारण त्यांच्या घरीही तोच नियम होता. त्या दिवशी मी ओरडले नव्हते. बाबा आता काय टोमणा मारतात याची मी वाट बघत होते. बाबांनी गाडीची किल्ली घेतली आणि विचारलं, "नारळ आहे का घरात? रिकाम्या हाताने कसं जायचं?"

मालेच्या पुढे गाडी रस्त्यावर ठेवून आम्ही बांधाबांधाने वर गेलो. पाऊस नुकताच उघडला होता, भात पोटरीत आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, आणि धरणाच्या पाण्यावर ऊन पडलं होतं. आईने चांगली साडी नेसली होती आणि ती एका हाताने वर धरून, दुसऱ्या हातात नारळाची पिशवी घेऊन चिखलातून चालत होती. मंगलचे वडील मेंढरं घेऊन डोंगराला गेले होते. घरात मावशी होती. अकादमीत ती माझ्या आईला मॅडम म्हणायची. इथे तिने दारातून बघितलं आणि म्हणाली, "या की बाई. पाय धुवा. हितं लई चिखूल हाय." ओट्यावर घोंगडी अंथरली. दोन करडं त्या घोंगडीवर आधीच उड्या मारत होती, त्यांना तिने हाकललं. शेळीच्या दुधाचा चहा आला, नाचणीची भाकरी आणि मिरचीचा खर्डा आला. आईने भाकरीचा तुकडा मोडला, पावसाबद्दल विचारलं, भाताबद्दल विचारलं, शेरडांच्या तब्येतीबद्दल विचारलं. बाबा खर्ड्याने लालबुंद होऊन डोळे पुसत होते. शेवटी आईने ताट बाजूला सरकवलं आणि सांगून टाकलं.

मावशी हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. "आमच्यात बी हाय ते," ती म्हणाली. "म्या तर करडांस्नी बी निजल्या पोरावरनं उडी मारू देत न्हाई. मंगे, भाईर ये."

मंगल चौकटीखाली वाकून बाहेर आली. तिला काय करायचं ते सांगितलं. मी घोंगडीवर उताणी झोपले. खालून मी तिला अशी कधी बघितली नव्हती. पाय सुरू होऊन संपतच नव्हते, आणि त्याच्याही वर कुठेतरी ओट्याच्या छपराजवळ तिचं गंभीर तोंड होतं. तिने हात जोडले, अगदी देवळात जोडावेत तसे, आणि सावकाश मला ओलांडलं. आईने डोळे मिटून काहीतरी म्हटलं. मी उठून बसले आणि मला आपोआप आपल्या पायांकडे बघावंसं वाटलं, म्हणून मी बघितलं.

मग मंगल त्याच घोंगडीवर आडवी झाली. घोंगडी तिला पुरली नाही, पाय सारवलेल्या जमिनीवर गेले. "आता मला वलांड," ती मला म्हणाली. "आन परत फिरू नगंस."

मावशीने तोंड फिरवलं.

"डॉक्टर काय म्हनले ऐकलंस न्हवं?" मंगल छपराकडे बघत बोलत होती. "आजून जानार. जीपमंदी बसले की गुडगं तोंडाला लागत्यात. साळंत पोरं खांब म्हनत्यात. मामाचं पोरगं माज्या खांद्याला लागतं, मामी म्हनली, आता आमाला नगं ही पोर. लगीन जाऊ दे, त्येचं काय न्हाई. पर मला माजंच भ्या वाटतंया. कुटं थांबनार हाय ह्ये?"

मी तिच्याजवळ उभी होते. एक पाऊल टाकायचं होतं, तेही माझ्या आखूड पायांनी टाकण्याजोगं. ओलांडल्याने उंची खुंटते यावर माझा विश्वास होता का, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या दिवशी मात्र सगळ्यांचाच होता, म्हणून माझाही होता. ती थांबली असती तर स्पेनची जागा माझी होती, हे मला कळत होतं, आईला कळत होतं, बाबांनाही कळत होतं. आणि मला दिसत होता तो पत्र्यावर आदळलेला चेंडू. त्या चेंडूच्या आणखी वर जाणारी मुलगी माझ्यासमोर पडून थांबव म्हणत होती. मी आईकडे बघितलं. आई श्वास रोखून बसली होती.

तेवढ्यात हाकललेलं एक करडू ओट्याच्या टोकाकडून उड्या मारत आलं. करडांना कसली शुद्ध असते? ते सरळ मंगलच्या दिशेने निघालं. मी जागची हलायच्या आत आई बसल्या जागेवरून झेपावली. नारळ घरंगळला, चहाची कपबशी कलंडली, आणि माझ्या आईने, चांगल्या साडीतल्या माझ्या आईने, ते करडू दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरलं. ते बें बें करत लाथा झाडत होतं. "नाही हं," आई त्याला दम देत होती. "हिला नाही ओलांडायचं. हिला अजिबात नाही."

आधी मावशी हसली. मग बाबा, मग मंगल पडल्यापडल्या हसायला लागली आणि हसताहसता तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहायला लागलं. मी तिच्या पायांकडून निघाले, खाली अंगणात उतरून ओट्याच्या कडेने वळसा घातला, आणि तिच्या उशाशी येऊन हात पुढे केला. "ऊठ," मी म्हटलं. "उद्या सर्व्हिसचा सराव आहे." आईच्या कुशीतलं करडू तोवर शांत झालं होतं आणि तिच्या पदराचं टोक चावत होतं.

मी बोटभरही वाढले नाही. मंगल स्पेनला गेली आणि तिथेही वाढत राहिली. ती थांबली तेव्हा सहा फुटांच्या वर दोन बोटं होती. तिकडच्या मुलींमध्ये आपण जेमतेम उंच दिसतो असं तिने फोनवर सांगितलं, आणि इतका आनंद झालेला तिचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मी देशातल्या स्पर्धा खेळले, काही जिंकले, आणि उंच मुलींच्या सर्व्हिसवर पुढे घुसून चेंडू उसळायच्या आत परत करण्यात नाव मिळवलं. जिच्या सर्व्हिसवर हे शिकले ती सुट्टीला आली की आम्ही त्याच शेडमध्ये उभ्या राहतो. अजूनही काही चेंडू मला दिसत नाहीत. अजूनही मी जाळीपाशी जाऊन म्हणते, पुन्हा मार. जे आपल्याला मिळालं नाही ते जवळून बघायला मिळावं, हे भाग्य मी कमी मानत नाही. ज्या दिवशी कमी मानावंसं वाटतं त्या दिवशी मी अकादमीतल्या छोट्या मुलींना पंचांच्या खुर्चीवर चढवते आणि त्यांची तोंडं बघते.

आता मंगल टीव्हीवर दिसते. घरी आली की मालेला जायच्या आधी एक मुक्काम आमच्याकडे असतो. पलंग तिला पुरत नाही, म्हणून ती हॉलमध्ये गादी घालून झोपते आणि दारापासून टीव्हीपर्यंत सगळी जागा अडवते. आई निवृत्त झाली आहे, गुडघे दुखतात तिचे. सकाळी चहाचा कप घेऊन ती सोफ्याला आणि भिंतीला धरत, अंग चोरून, मंगलच्या पायांना पूर्ण वळसा घालून जाते. बाबा पेपरातून मान वर काढतात. "अगं, तिशीला आली ती. आता काय खुंटणार आहे तिचं?"

"तुम्ही गप्प बसा," आई हळू आवाजात म्हणते. "झोपू दे तिला. पुढच्या आठवड्यात सामना आहे."